सुरतेच्या रिकाम्या खाटा

१८९५ च्या सुमारास सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात विलायतेत शिकून आलेली एक मराठी डॉक्टर रुजू झाली. खाटा होत्या, औषधे होती, उपकरणे होती. बाळंतिणी मात्र नव्हत्या. शहरात बाळंतपणे होत होती, अडत होती, त्यात आया दगावत होत्या आणि त्याहून अधिक तान्ही मुले दगावत होती. पण अडलेल्या बाईला उचलून दवाखान्यात न्यावे, असे घरच्यांना वाटत नव्हते.

नव्या डॉक्टरीणबाईंनी यावर काय केले, याची एक आठवण सांगतात. त्यांनी दिवस भरत आलेली एक मेंढी दवाखान्यात आणवली, तिथे तिची नीट सोडवणूक केली आणि मेंढी व पिल्लू दोघेही सुखरूप आहेत हे बायकांना डोळ्यांनी पाहू दिले. त्यानंतर हळूहळू बाळंतिणी येऊ लागल्या. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडा बदलतो आणि एका मेंढीने अख्ख्या शहराचे मन पालटले असे कोणी मानू नये. पण ही आठवण इतकी वर्षे टिकली आहे, कारण तिच्यात एका डॉक्टरची विचार करण्याची पद्धत दिसते. व्याख्यान देऊन, पत्रके वाटून जे झाले नसते ते बघितल्याने होईल, हे तिला कळले होते. गुराढोरांच्या घरात वाढलेल्या बायकांना सुखरूप वीण आणि अडलेली वीण यांतला फरक कोणी शिकवावा लागत नाही. त्यांना इमारतीबद्दल शंका होती, आणि तिचे उत्तर त्यांना समजणाऱ्या भाषेत मिळाले.

शंकाही काही वेडगळ नव्हती. त्या काळी ज्याला घर नाही, जवळचे माणूस नाही, तो दवाखान्यात जाई. बाळंतपणासाठी बाई तिथे पोहोचलीच तर दोन-तीन दिवस अडून, सुईणीचे सगळे उपाय थकल्यावर. तोवर मूल पोटात गेलेले असे, ताप चढलेला असे. मग ती दवाखान्यात मरे, आणि दवाखान्यात गेलेली बाई परत येत नाही हा समज आणखी घट्ट होई. उशिरा येतात म्हणून मरतात आणि मरतात म्हणून उशिरा येतात, असे हे चक्र होते. ते शस्त्रक्रियेने तुटत नाही. बाई घरून लवकर का निघत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ते तोडता येते.

त्या डॉक्टर म्हणजे रखमाबाई. त्यांचे नाव आज बहुतेकांना माहीत आहे ते खटल्यामुळे. खटल्याची गोष्ट रंगवून सांगताना त्यांची पुढची पस्तीस वर्षांची डॉक्टरकी मात्र एखाद्या वाक्यात उरकली जाते. खरे तर त्या खटल्यातली रखमाबाई समजल्याशिवाय सुरतेतली डॉक्टर समजत नाही.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई. आईचे लग्न चौदाव्या वर्षी, पंधराव्या वर्षी मूल, सतराव्या वर्षी वैधव्य. रखमाबाई तेव्हा जेमतेम अडीच वर्षांच्या होत्या. घर सुतार जातीतले. विधवेला पुन्हा लग्न करण्याची मुभा त्या जातीत होती. काही वर्षांनी जयंतीबाईंचे लग्न डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाले. त्याआधी त्यांनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे केली. पुढच्या सगळ्या रामायणात या मालमत्तेचा वाटा लहान नाही.

सखाराम अर्जुन हे नाव अधिक ओळखीचे व्हायला हवे. जे. जे. रुग्णालयातले डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे जाणकार, १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हाच्या मोजक्या संस्थापकांपैकी एक. देशी औषधी वनस्पतींवर त्यांनी लिहिले, स्त्रियांच्या आरोग्यावर मराठीतूनही लिहिले. अशा घरात वाढूनही रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झालेच. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस-वीस, सखाराम अर्जुनांच्याच नात्यातला. ठरले असे की जावयाने सासरी राहून शिकावे. ते काही झाले नाही. लग्नानंतर काही महिन्यांतच रखमाबाई वयात आल्या आणि रूढीप्रमाणे गर्भाधानाचा विषय निघाला. तिथे सखाराम अर्जुनांमधला डॉक्टर आडवा आला. इतक्या कोवळ्या वयात शरीरसंबंध नाही, हे त्यांनी ठामपणे सांगितले. बारा वर्षांच्या मुलीचे ओटीपोट बाळंतपणासाठी तयार झालेले नसते, हे त्यांना पुस्तकातून माहीत होते आणि जे. जे. च्या वॉर्डातूनही. सुधारकी विचार इतरही पुष्कळांकडे होते. या घरात त्यांना शरीरशास्त्राची जोड मिळाली.

दादाजी पुढे मामाकडे राहायला गेले, शिक्षण सुटले, तब्येत बिघडली. रखमाबाई घरीच राहून, ग्रंथालयातली पुस्तके आणवून शिकत राहिल्या. १८८४ मध्ये पत्नीने नांदायला यावे यासाठी दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला: अजाण वयात लावलेल्या लग्नापोटी मोठ्या झालेल्या स्त्रीला बळजबरीने नांदायला पाठवता येत नाही, असा त्याचा आशय. त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले. अपिलात प्रकरण उलटले आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करतो असे कळवले. टिळकांच्या पत्रांनी त्यांच्यावर कडक टीका केली, मलबारींनी बाजू घेतली, प्रकरण इंग्लंडपर्यंत गाजले. शेवटी जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. तुरुंगात जाण्याची वेळ आली नाही.

डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर या काळातली महत्त्वाची गोष्ट कोर्टाबाहेर घडली. १८८५ मध्ये रखमाबाईंनी टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात पत्रे लिहिली. त्यांत बालविवाहाने मुलीचे नेमके काय होते ते होते: शिक्षण कसे थांबते, सासरी तिचा दिवस कसा जातो, तिच्या शब्दाला किंमत का नसते. स्वतःचे रडगाणे न गाता एका सामाजिक अवस्थेची नोंद करावी, अशी ती पत्रे आहेत. दहा वर्षांनी त्याच अवस्थेतल्या मुली सुरतेत त्यांच्यासमोर रुग्ण म्हणून आल्या. कोण बोलणार, कोण गप्प बसणार, दुखणे कुठे आहे हे विचारल्यावर सून कोणाच्या तोंडाकडे पाहणार, हे रखमाबाईंना शिकावे लागले नाही.

कोर्टात हक्कांचा कीस निघत असताना वैद्यकीय पुरावा दुसरीकडे जमत होता. कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची फुलमणी ही मुलगी पस्तिशीच्या नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे रक्तस्राव होऊन मेली. १८९० मध्ये तो खटला गाजला. त्याच सुमारास हिंदुस्थानात काम करणाऱ्या पन्नासहून अधिक स्त्री डॉक्टरांनी डॉ. मॅन्सेल यांच्या पुढाकाराने व्हाइसरॉयकडे अर्ज केला आणि सोबत आपण पाहिलेल्या बालवधूंच्या दुखापतींची यादी जोडली. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि वय दहावरून बारा झाले. अंगावर काटा येतो तो त्या बारा या आकड्याने. पण रुग्णांच्या घरातली माहिती डॉक्टरांनी मांडली आणि तिचा कायद्यावर परिणाम झाला, असे आपल्याकडचे हे फार जुने उदाहरण आहे.

रखमाबाईंना डॉक्टर व्हायचे होते. कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांनी पाठबळ दिले. या पीचीबाईंनी स्वतः एडिंबरामध्ये स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणासाठी मोठी झुंज दिली होती. पैसा उभा राहिला, शिवाजीराव होळकरांनी पाचशे रुपये दिले, इंग्लंडमध्ये मॅक्लॅरेन दांपत्याने आधार दिला आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

या विद्यालयाच्या विद्यार्थिनींना रुग्णांजवळचे शिक्षण मिळे ते रॉयल फ्री रुग्णालयात. या रुग्णालयाची जन्मकथाच बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या धर्मादाय रुग्णालयांत जायला देणगीदाराचे शिफारसपत्र लागे. विल्यम मार्सडेन नावाच्या तरुण डॉक्टरला चर्चच्या पायऱ्यांवर एक मरणासन्न मुलगी सापडली, आणि पत्र नाही म्हणून तिला कुठेच दाखल करून घेतले गेले नाही. १८२८ मध्ये त्याने पत्राशिवाय, पैशांशिवाय उपचार देणारा दवाखाना काढला; त्याचे पुढे रॉयल फ्री झाले. याच रुग्णालयात १८९५ च्या जानेवारीत मेरी स्टुअर्ट या बाईंची एका नव्या पदावर नेमणूक झाली. त्यांचे मूळ काम होते फुकट उपचार लाटणारे सधन लोक शोधून काढण्याचे. असे लोक फारसे सापडले नाहीत. सापडले ते असे की क्षयाच्या रुग्णाला डॉक्टर सकस आहार लिहून देतात आणि त्याच्या घरात भाकरीची भ्रांत असते. मेरीबाई मग रुग्णाच्या घराची माहिती काढू लागल्या, मदत करणाऱ्या संस्थांशी त्याची गाठ घालून देऊ लागल्या. रुग्णालयातील समाजसेवेची सुरुवात इथून धरतात. दहा वर्षांनी, १९०५ मध्ये, बॉस्टनला डॉ. रिचर्ड कॅबट यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात तेच केले. आपण निदान बरोबर करतो आणि तरी रुग्ण बरा होत नाही, याचे कारण त्यांना केसपेपरवर सापडत नव्हते.

मेरी स्टुअर्ट रुजू झाल्या तेव्हा रखमाबाईंचे शिक्षण संपले होते. त्या सुरतेला निघाल्या. लंडनला ज्या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमावे लागले, ते सुरतेत डॉक्टरलाच करायचे होते.

सुरतेत त्यांची गाठ होती सुयाणीशी. गुजरातीतली सुयाणी म्हणजे आपली सुईण. शब्दही बहिणी, कामही तेच. सुईणीला नावे ठेवणे सोपे आहे. हात न धुता तपासणे, हाताला येईल त्या धारेने नाळ कापणे, त्यातून बाळाला धनुर्वात आणि आईला सूतिकाज्वर, हे सगळे खरेच होते. पण ती मध्यरात्री बोलावल्यावर यायची, दहा दिवस बाळंतिणीचे न्हाणे-धुणे करायची, सोयराचा विटाळ अंगावर घ्यायची. दवाखान्यात हे कोण करणार, कोणत्या जातीची बाई पाणी देणार, परपुरुष आत येईल का, बाळाची वार कुठे पुरणार, असे पन्नास प्रश्न घरच्या म्हाताऱ्या बाईच्या मनात असत. हॉस्पिटलच्या दृष्टीने हे प्रश्नच नव्हते. स्त्री डॉक्टर नेमली की झाले, असे डफरिन फंडाच्या इंग्रज पुरस्कर्त्यांना १८८५ मध्ये वाटले होते. स्त्री डॉक्टर नेमूनही खाटा रिकाम्या राहतात हे अनेक गावांत दिसले. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने सुईणींना शिकवण्यासाठी निधी उभा राहिला. घराच्या दारातून आत जायचे तर सुईणीला सोबत घेऊनच, हे उशिरा का होईना मान्य झाले.

प्लेग आला, १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आला. गुजरातेत त्याला छप्पनियो म्हणतात. रखमाबाई या सगळ्या काळात सुरतेतच कामावर होत्या. दवाखाना चालू लागला तो असा, वर्षानुवर्षांच्या हजेरीने.

१९०४ मध्ये दादाजी वारल्याची बातमी आली आणि रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. ज्या लग्नाला नाकारण्यासाठी तुरुंगात जायची तयारी दाखवली, त्या लग्नाचे वैधव्य पत्करावे, हे अनेक अभ्यासकांना कोड्यात टाकते. कोणी त्यात शरणागती पाहिली, कोणी मनाचा मोठेपणा. एक साधी शक्यताही ध्यानात घ्यायला हवी. लग्न मोडलेली, नवरा जिवंत असताना एकटी राहणारी बाई आणि विधवा बाई, या दोघींपैकी कोणाच्या हाती सुरतेतली सासू आपली सून सोपवील? ही केवळ अटकळ आहे. पण ज्या डॉक्टरला दवाखान्यात मेंढी आणण्याचे सुचते, तिला स्वतःच्या लुगड्याचा रंगही रुग्णांच्या नजरेतून दिसत असणार.

हे सगळे सव्वाशे वर्षांपूर्वीचे आणि दुसऱ्या शहरातले. आज महाराष्ट्रात शंभरातली सुमारे पंच्याण्णव बाळंतपणे दवाखान्यात होतात, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. मेंढी आणण्याची गरज राहिलेली नाही. पण दारातून आत आलेल्या बाईबद्दल दवाखान्याला काय ठाऊक असते, हा प्रश्न तिथेच आहे. कामोठ्यासारखी वसाहत घ्या. मूळची आगरी-कोळ्यांची वस्ती, तिथे सायन-पनवेल महामार्गाला लागून सिडकोने नोड वसवला. मानसरोवर स्टेशनवरून मुंबई गाठणारे नोकरदार, कळंबोलीच्या लोखंड बाजारात राबणारे, बांधकामावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या बाया, सगळे इथे आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय वसाहतीतच आहे, पनवेल जवळ आहे. अंतर ही अडचण नाही.

तरीही अशा वसाहतीत एखादी पहिलटकरीण आठव्या महिन्यात एकाएकी यायची थांबते. ती माहेरी गेलेली असते. बीडला, खेडला, आझमगडला. रक्तदाब वाढत होता हे ज्या कार्डावर लिहिले ते कार्ड इथल्या कपाटात राहते आणि झटका येतो तिथे. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत माहीत असलेला डॉक्टर सातव्या महिन्यातच विचारतो की बाळंतपणाला कुठे जाणार, आणि कागद तिच्या हाती देतो. मधुमेहाने पायाला जखम झालेल्या रखवालदाराला पाय टेकवू नका असे लिहून द्यायचे आणि तो बारा तास उभा राहण्याची नोकरी करतो हे विचारायचे नाही, तर महिन्याभरात तो बोट कापायलाच परत येतो. इन्शुलिन थंड जागी ठेवा म्हणताना घरात फ्रिज आहे का, हा प्रश्न अर्ध्या मिनिटाचा आहे. नसेल तर ओल्या कापडातल्या मडक्याचा उपाय सांगायला आणखी अर्धे मिनिट. केसपेपरवर डामा असा शेरा मारून, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, निघून जाणाऱ्या रुग्णाला आडमुठा ठरवण्याआधी त्याची घरी एकटी राहिलेली मुले कोण सांभाळते, रोजंदारी किती बुडते, हे विचारले तर कित्येकदा तो थांबतो.

माता मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन या दोघींनी १९९४ मध्ये तीन उशिरांची मांडणी केली. दवाखान्यात जायचे ठरवण्यात होणारा उशीर, पोहोचण्यातला उशीर आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला उशीर. यांपैकी पहिला उशीर घरात होतो, आणि तो का झाला हे घर माहीत असल्याशिवाय कळत नाही. जगभर आज ही मांडणी शिकवली जाते. सुरतेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना ती नवी वाटली नसती.

त्यांना आजची आणखी एक गोष्ट फार ओळखीची वाटली असती. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते, असे त्याच पाहणीत आढळले. यांतली एखादी सोळा-सतरा वर्षांची मुलगी बाळंतपणासाठी येते तेव्हा केसपेपरवर वय लागते एकोणीस. अठराखालच्या मुलीची माहिती पोलिसांना कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, हे घरच्यांना माहीत असते, म्हणून खरे वय सांगत नाहीत. काही जणी त्या भीतीने उशिरा येतात. कोवळ्या वयातल्या गरोदरपणात रक्तक्षय, रक्तदाब, झटके, कमी वजनाचे बाळ, हे धोके अधिक. आणि तिच्याकडे पाहणारी नजर मात्र एकोणीस वर्षांच्या बाईसाठीची. कायदा मुलीच्या रक्षणासाठीच आहे. पण कागदावरचा आकडा खोटा असू शकतो हे ओळखून, सासूला बाहेर बसवून, त्या मुलीशी चार शब्द बोलणारा डॉक्टर भेटला तर तिचे बाळंतपण वेगळे होते.

हे शिकवता येते का? राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२१-२२ च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना काही कुटुंबे दत्तक देऊन शिक्षणभर त्यांच्या घरी जायला सांगितले आहे. कल्पना चांगली आहे. अडचण अशी की घरभेटीचेही शेवटी जर्नल होते, त्यावर सही लागते आणि सही मिळाली की भेट संपते. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांचा बराच दिवस योजनांची कागदपत्रे जुळवण्यात जातो. ओपीडीत एका रुग्णाला मिळणारी दोन-तीन मिनिटे पाहता डॉक्टरलाच सारा दोष देणेही बरोबर नाही. पण हिस्टरी घेताना ताप किती दिवस, खोकला किती दिवस, या प्रश्नांना जितका वेळ लागतो त्यातच घरी कोण कोण असते, हाही प्रश्न बसतो. रखमाबाईंच्या दवाखान्यातही गर्दी झालीच असेल.

१९१८ च्या सुमारास त्यांना नव्याने स्थापन झालेल्या स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत पद देऊ केले गेले. ते नाकारून त्या काठेवाडात, राजकोटच्या जनाना दवाखान्यात गेल्या. इथले रुग्ण वेगळे होते. लहानमोठ्या संस्थानांचा हा प्रदेश, राजघराण्यांत आणि दरबारी कुटुंबांत कडक पडदा. सुरतेत अडचण गरिबीची आणि भीतीची होती. इथे पैसा होता, दास्या होत्या, आणि बाईच्या अंगावर वर्षानुवर्षे ऊन पडत नव्हते.

उन्हाचा आणि बाळंतपणाचा संबंध तेव्हा नुकता उलगडत होता. श्रीनगरला काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ मध्ये पडदा आणि मातृत्व यांवर पुस्तक लिहिले. त्यांना दिसले ते असे की शेतात, नावेवर काम करणाऱ्या बायका सहज बाळंत होतात, तर पडद्यातल्या घरंदाज बायका अडतात. कारण हाडांत होते. कातडीवर ऊन पडले की शरीर ड जीवनसत्त्व बनवते. ते नसेल तर अन्नातले कॅल्शियम हाडांत नीट पोहोचत नाही आणि हाडे मऊ पडतात. मोठ्या माणसांतल्या या विकाराला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. मऊ पडलेले ओटीपोटाचे हाड अंगाच्या भाराने दबते, बाळाची वाट अरुंद होते आणि बाळंतपण अडते. श्रीमंती बाईला मारते ती अशी. इथे औषधाच्या बाटलीइतकेच महत्त्व घराला अंगण आहे का आणि सुनेला तिथे बसू देतात का, या प्रश्नाला होते. विज्ञानाने ज्याला ड जीवनसत्त्व म्हटले ते काठेवाडच्या वाड्यात मानमर्यादेच्या रूपाने समोर येत होते, आणि मर्यादेशी बोलायचे तर डॉक्टरला तिची भाषा यावी लागते.

१९२९-३० च्या सुमारास रखमाबाई निवृत्त होऊन मुंबईला परतल्या. पस्तीस वर्षांची नोकरी, बहुतेक मुंबईबाहेर आणि सगळी बायकांच्या दवाखान्यांत. आनंदीबाई जोशी डॉक्टर होऊन आल्या आणि काम सुरू करण्याआधीच १८८७ मध्ये गेल्या. कलकत्त्यात कादंबिनी गांगुली आधीपासून काम करत होत्या. तेव्हा पहिली कोण या वादात पडण्याचे कारण नाही. इतकी वर्षे सलग काम केलेली मराठी स्त्री डॉक्टर त्यांच्याआधी नव्हती, एवढे पुरे.

निवृत्तीनंतर, १९२९ मध्ये, त्यांनी पडदा बंद करण्याच्या गरजेवर एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. तरुण विधवांना घरात कोंडून ठेवल्याने समाज त्यांच्या कामाला मुकतो, हा तिचा रोख होता. १८८५ मध्ये पत्रे लिहिणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीचा विषय चौसष्टाव्या वर्षीही सुटला नव्हता; फरक इतकाच की मधल्या काळात तिने त्या विषयाच्या हजारो नाड्या पाहिल्या होत्या.

पुढची पंचवीस वर्षे त्या मुंबईत होत्या. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात, म्हणजे सखाराम अर्जुनांच्याच रुग्णालयात, वैद्यकीय समाजसेवकाचे पद भरले गेले. रुग्णाच्या घरची परिस्थिती जाणून घेण्यासाठी स्वतंत्र माणूस नेमण्याची भारतातली ती पहिली वेळ मानली जाते. रखमाबाई तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्या वारल्या. नावापुढे त्यांनी शेवटपर्यंत वडिलांचे, सावत्र वडिलांचे किंवा नवऱ्याचे, कोणाचेच आडनाव लावले नाही. डॉक्टर म्हणून सही करताना त्या नुसते रखमाबाई असे लिहीत.